नव्या उपाहारगृहाच्या मालकास एका जुन्या वर्गणीदाराचे अनावृत पत्र

रा. रा. नवोदित उपाहारगृहचालक यांस,
स. न. वि. वि.

आपण शहराच्या हमरस्त्यावर उपाहारगृह थाटले असून, गल्ल्यात पहिली नोट पडण्यापूर्वीच स्थानिक वृत्तपत्रांत आपली बातमी कशी झळकावी या विवंचनेने आपली झोप उडाली आहे, असे कानावर आले. आणि ज्याने उभ्या हयातीत जिल्हा दैनिकाचे शहरवार्तेचे पान सकाळच्या चहाबरोबर न चुकता वाचले, त्याने आपल्या व्यासंगाचे फळ अशा समयी दडवून ठेवणे उचित नव्हे, या कर्तव्यबुद्धीने ही लेखणी उचलली आहे.

प्रथमतः हे ध्यानी धरावे की, वृत्तपत्राच्या लेखी उपाहारगृहाचा जन्म चूल पेटल्याने होत नसून फीत कापल्याने होतो. सबब आचारी नेमण्याआधी पाहुणे नेमावेत. एक आजी किंवा निदान माजी आमदार, एक नगराध्यक्ष, व्यापारी मंडळाचे एक पदाधिकारी, आणि ज्यांचे नाव गाळल्यास तंटा उद्भवेल असे जेवढे पुढारी गावात असतील तेवढे सगळे, अशी ही तजवीज असावी. छायाचित्राची मांडणी पूर्वापार ठरलेली आहे: मध्यभागी तबक, तबकावर कात्री, कात्रीवर तिघांचे हात, मागे माना उंचावलेल्या दोन रांगा, आणि अगदी उजव्या कडेला एक कान व अर्धी बाही, ती आपली. खालच्या ओळीत नावे डावीकडून सुरू होतात आणि आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच ‘आदी मान्यवर’ येऊन ती संपतात. पहाटेपासून दोनशे पानांचा मसालेभात रांधणारा आचारी मात्र या चित्रात नसतो, कारण तो त्या वेळी पातेले उतरवीत असतो.

बातमीचा मसुदा आपणच लिहून धाडावा. रात्री पाने लावण्याच्या घाईत असलेल्या उपसंपादकास आयता मजकूर मिळाला की तो त्यातील शुद्धलेखनाच्या चुकांसह जसाच्या तसा छापखान्यात जातो. शब्दयोजनेत मात्र स्वातंत्र्य घेऊ नये. मिसळ ‘झणझणीत’, थाळी ‘परिपूर्ण’, वातावरण ‘आल्हाददायक’, सेवा ‘तत्पर’ आणि एकूण प्रकार ‘खवय्यांसाठी पर्वणी’ हे मानकरी ठरलेले आहेत. कटाला मिरची कोणती, वाटणातले खोबरे भाजलेले की ओले, ताटाचा दर किती आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यास त्याचे निराळे पैसे पडतात की काय, असला तपशील आपण घालाल, तर तो जागेअभावी गाळला जाईल. आणि वाचकास नेमके तेवढेच जाणून घ्यावयाचे असते, हा निव्वळ योगायोग समजावा.

यावर भागले नाही तर जाहिरात विभागाची पायरी चढावी. तेथे चौकटीतली जाहिरात मिळते, तशीच बातमीच्या पोशाखातली जाहिरातही मिळते, आणि दुसरीचे मोल जास्त का, हे समजून घेण्याजोगे आहे. अनेक दैनिकांत बारीक टंकात एक सूचना असते, की जाहिरातींतील दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करून घ्यावी, वृत्तपत्र त्यास जबाबदार नाही. ही सूचना बातमीला लागू नसते. तेव्हा आपण जे खरीदता ते इतके सेंटीमीटर बाय इतके स्तंभ एवढेच नसून, त्या सूचनेच्या अंमलातून मिळणारी माफी होय. प्रेस कौन्सिलने २०१० साली पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांसंबंधी अहवाल प्रसिद्ध केला खरा; परंतु त्याचा रोख मुख्यत्वे निवडणुकीच्या उमेदवारांवर होता आणि मिसळ त्यातून सहीसलामत सुटली.

शिवाय ६ जानेवारीचा मुहूर्त चुकवू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून आपण तो पत्रकार दिन पाळतो. त्या दिवशी शाल, श्रीफळ व भोजन यांनिशी स्थानिक पत्रकारांचा सत्कार योजावा. म्हणजे सत्कार कोणी केला व कोठे केला, ही बातमी सत्कारमूर्तींनाच लिहावी लागते आणि जांभेकरांचे पुण्यस्मरण आपल्या पत्त्यासह पार पडते. मोबाइलवर चित्रफिती काढणारी नवी मंडळी आल्यास त्यांनाही विन्मुख पाठवू नये. पहिला घास ओठाला लागण्यापूर्वीच त्यांची मान डोलू लागते, इतकी त्यांची रसना तयार असते. मोबदला घेतला असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे, असा जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासून दंडक आहे. पण मान डोलत असताना तळाची अक्षरे वाचतो कोण?

या सर्व खटाटोपावाचून नाव झाल्याचे एक गैरसोयीचे उदाहरण तेवढे बंगळूरचे आहे, तेही सांगून टाकतो. १९२४ साली निघालेल्या मवळ्ळी टिफिन रूम्सपुढे आणीबाणीच्या काळात पेच पडला, कारण सरकारने खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली आणले होते. मालकांनी पदार्थाचा दर्जा उतरवला नाही. ठरवून दिलेल्या दरातच विक्री चालू ठेवली आणि दिवसाकाठी किती तोटा झाला त्याची पाटी दाराबाहेर लावली. त्या पाटीवर एकही विशेषण नव्हते, होता तो आकडा. आणि तो सांगणाऱ्याच्याच अंगावर येणारा असल्यामुळे त्याची खातरजमा करून घ्या, असे कोणास सांगावे लागले नाही. ती हकीकत लोक अद्याप एकमेकांस सांगतात. आपल्या शहरातील गेल्या वर्षीच्या फितींविषयी तसे म्हणता येत नाही.

आपण म्हणाल, शेजारच्याने बातमी आणली, मग मी का मागे राहावे? खुशाल राहू नये. एवढाच हिशेब मांडून पाहावा, की छापील शब्दावर वाचकाची श्रद्धा आहे म्हणून आपण तो शब्द विकत घेता. आणि गावातील प्रत्येक उपाहारगृह ‘पर्वणी’ ठरल्यावर वाचक त्या शब्दावरून नजर न थांबवता पुढे जातो, म्हणजे ज्या मुद्दलावर आपली भिस्त, तेच आपण सारे मिळून खर्ची घालीत आहात. पुढे एखादे दिवशी आपल्या मुदपाकखान्यात खरोखर सांगण्याजोगे काही घडेल; तेव्हा बातमीदार येईल, जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहील, आणि त्याचा रास्त दर काय पडला असेल, याची वाचक घरबसल्या चर्चा करतील.

लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. — पुढील समारंभात आचाऱ्यास कात्रीजवळ उभे करून पाहावे. त्याचे नाव ज्या दैनिकात पूर्ण छापून येईल, त्याची वर्षाची वर्गणी मी आगाऊ भरीन.