आबांचं अलाइनमेंट

आबांची मारुती ८०० डावीकडे ओढते. का ओढते, याची भरपूर कारणं आबांकडे तयार असतात आणि त्यातलं एकही गाडीतलं नसतं.

सगळ्यात लाडकं कारण म्हणजे रस्ता. "रस्ताच तिरका केलाय, त्याला गाडी काय करणार?" असं आबा नारायणगावच्या स्टँडवर उभे राहून कुणालाही सांगतात. यात ते अर्धे खरे आहेत, हे कबूल केलं पाहिजे. पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा हात सैल सोडला की चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. पण चांगली गाडी सरकते, आबांची वळते. जुन्नरकडे जाताना आबांनी तंबाखू मळायला स्टिअरिंग सोडलं, तर चिमूट दाढेखाली जायच्या आत गाडी उसात असेल.

दुसरं कारण ऊस. गाळपाच्या हंगामात विघ्नहर कारखान्याकडे जाणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन समोरून आला की छोट्या गाडीवाल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावं लागतं. डावं चाक धाडकन खाली जातं आणि तसंच धाडकन वर येतं. हेही खरंच आहे. आबांची पंचाईत ही की त्यांची कारणं खोटी नसतात, अपुरी असतात.

तिसरं कारण म्हणजे आबांच्या मंडळी. त्या डाव्या सीटवर बसतात. "वजन एका अंगाला पडतं ना," असं आबा खालच्या आवाजात सांगत होते, तेवढ्यात त्या चहा घेऊन आल्या. "मी बाळंतपणाला लेकीकडं महिनाभर गेले व्हते," त्या म्हणाल्या, "तवा गाडी कुठं जात व्हती, इचारा." आबांनी चहा बशीत ओतला.

असे आबा तुमच्याही गावात असतील. मंचरला त्यांच्याकडे जुनी सुमो असते, घोडेगावला कमांडर जीप, ओतूरला एखादी ओम्नी. गाडी कोणतीही असो, माणूस तोच. गाडीवर त्याचं प्रेम असतं, पैसे खर्चायलाही तो मागेपुढे पाहत नाही. खर्च तेवढा दिसला पाहिजे. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या पुनर्नोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. आबांनी आठवडाभर सरकारला शिव्या दिल्या आणि पाच हजार भरले, कारण त्याचं आरसी बुक मिळतं. हरित कर भरला, त्याची पावती मिळते. बुश बदलला तर काय मिळतं? गाडीखाली वाकल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही.

तर तो बुश. पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा जो लोअर आर्म असतो, तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबराची एक जाड बांगडी बसवलेली असते. वीस-पंचवीस वर्षांत ते रबर तडकतं, फाटतं. मग ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो, सोडला की पुढे येतो, आणि त्याच्याबरोबर चाकाची दिशाही बदलते. आबांच्या गाडीचा डावा बुश फाटलेला आहे. हे नारायणगावच्या टायरवाल्या पोराला माहीत आहे, घोडेगावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला माहीत आहे आणि आबांनाही माहीत आहे.

आबा तरीही दर दोन-तीन महिन्यांनी अलाइनमेंट करतात. तो सोहळा बघण्यासारखा असतो. पोरगा गाडी रॅकवर चढवतो, चारही चाकांना पाट्या अडकवतो, गाडी हातभर मागेपुढे ढकलतो. समोरचे कॅमेरे पाट्या वाचतात आणि पडद्यावर आकडे उमटतात, चुकलेले लाल, बरोबर असलेले हिरवे. आबा हाताची घडी घालून पडद्यासमोर उभे राहतात. कॅम्बर, कॅस्टर हे शब्द त्यांना पाठ आहेत. खरं तर या गाडीत पान्याने बदलता येण्यासारखा कोन एकच, पुढच्या चाकांचा टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं नाकासमोर आहेत, की पुढच्या बाजूने किंचित आत किंवा बाहेर वळलीत, एवढाच त्याचा अर्थ. पोरगा टाय रॉडचा चेकनट सैल करतो, रॉड अर्धा-पाऊण आटा फिरवतो, लालाचं हिरवं होतं. आबांचा चेहराही उजळतो.

त्याआधी पोरगा एक गोष्ट न चुकता करतो. गाडी जॅकवर उचलतो, चाकाला वर-खाली हात लावून हिसका देतो, मग दोन्ही बाजूंना धरून हिसका देतो. वर-खाली खडखडलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, आडवं हललं तर टाय रॉड एंड. मग आर्मखाली टॉमी घालून दाबतो आणि फाटका बुश आबांना दाखवतो.

"आबा, हे बघा. हे बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकायचं न्हाई."

"तू अलाइनमेंट कर रं. त्याचं बघू पुढच्या टायमाला."

"पुढच्या टायमाला तुमी हेच म्हणता."

"मग तू बी तेच म्हणतो की."

गाडी रॅकवर उभी असताना पडदा सगळं हिरवं दाखवतो, कारण उभ्या गाडीत बुशला काही सहन करावं लागत नाही. फाटकातून बाहेर पडून पहिल्या गतिरोधकापाशी ब्रेक लागला की हिरव्याचं लाल होतं. ते बघायला तिथे पडदा नसतो. पण आबांच्या हातात कागद आलेला असतो. त्यावर दोन रकाने असतात, आधीचे आकडे आणि नंतरचे. आबा घडी अशी घालतात की नंतरचे वर राहावेत. असे सगळे कागद डॅशबोर्डच्या खणात तारीखवार लावलेले आहेत. आळेफाट्याला एकदा हवालदाराने पीयूसी मागितलं, तर आबांनी आधी हा गठ्ठा पुढे केला. "बघा, सगळं हिरवं हाय." हवालदार बराच वेळ तो कागद उलटसुलट करत होता म्हणे.

घोडेगावचा मिस्त्री यंत्राशिवाय हेच काम करत आलाय. पुढच्या दोन्ही टायरांवर मधोमध खडूची खूण करायची, मागच्या बाजूने दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं, गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवायचं आणि त्याच खुणांमधलं अंतर पुढच्या बाजूने मोजायचं. फरक निघेल तेवढा टो. आबा त्याच्याकडे एकदाच गेले. "मिस्त्री झकास हाय," ते म्हणाले, "पण कागुद देत न्हाई." शिवाय त्यानेही चाक हलवून बुश बदलायलाच सांगितलं होतं.

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा आबांचा तोडा नेमका चालू होता. आता तरी बुश बदलणार, असं टायरवाल्याला वाटलं. आबांनी नवी सीट कव्हरं घातली, गाणी ऐकायला नवा सेट बसवला आणि चारही टायर नवे घेतले. टायर इतके नवे की रबराचे केस ताठ उभे होते. लग्नाला गेलं की कार्यालयाच्या मैदानात आबा लोकांना गाडीपाशी आणून ते केस दाखवायचे. सहा-सात महिन्यांनीही दाखवत होते आणि बाहेरच्या कडेला ते खरोखरच होते.

आतल्या कडेकडे कुणी बघत नाही. त्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे बसावं लागतं. टायरवाल्या पोराने एकदा तसं केलं आणि आबांचा हात धरून टायरवरून फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर करवतीसारखं बोचणारं. चाक सरळ न फिरता तिरकं फरफटत गेल्याची ती खूण. चाक एक पंचमांश अंशाने जरी तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवं घासलं जातं. नारायणगाव ते जुन्नर पंधराएक किलोमीटर धरले, तर पन्नासेक मीटर निव्वळ खरवडणं. आतल्या कडेच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेच्या केव्हाच खाली गेली होती. आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेरी घोडेगावात, पण तालुक्याचं नाव आंबेगावच राहिलं, तसं त्या टायरच्या कुशीवर कंपनीचं नाव ठळक होतं आणि आत तार दिसत होती.

"कंपनीच खराब," आबा म्हणाले. "पूर्वीच्या टायरात रबर असायचं."

ऐंशीच्या पुढे त्यांचं स्टिअरिंग थरथरतं. तो बॅलन्सिंगचा दोष. आबांनी तो सत्तरच्या पुढे न जाऊन मिटवलाय. नारायणगावचा बायपास झाल्यापासून मागचे लोक हॉर्न वाजवतात, आबा त्यांना डाव्या हाताने पुढे जायला सांगतात. उजवा हात गाडी सरळ ठेवण्यात गुंतलेला असतो.

मग व्हायचं ते झालं. ओतूरहून लग्न उरकून येताना, पिंपळवंडी ओलांडून वस्तीच्या रस्त्याला लागल्यावर, रात्री अकराच्या सुमारास तो डावा टायर फुटला. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. जुन्नरच्या उसात रात्री गाडीतून उतरून खाली बसायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बिबट्याला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही, हे वनखात्याचे लोक गावोगाव सांगून गेलेत. आणि टायर तर वाकल्याशिवाय बदलता येत नाही. गाडीत आबा, मंडळी, मेव्हणे आणि त्यांचा मुलगा. जॅक कुणी लावायचा, यावर मानाने चर्चा झाली. "पाहुण्यांना कसं सांगायचं," आबा म्हणाले. "तुमची गाडी, तुमाला तिची सवय," मेव्हणे म्हणाले. शेवटी आबांनी गाडी तशीच पहिल्या गिअरमध्ये वस्तीपर्यंत दामटली. वस्तीच्या दिव्याखाली उतरून पाहिलं तर टायरच्या चिंध्या, आणि रिम एका बाजूने चेपलेली.

"आन् आता बी डावीकडंच वडत व्हती," मंडळी म्हणाल्या. "मी तर या टायमाला मागं बसले व्हते."

दुसऱ्या दिवशी आबांनी नवा टायर घेतला, रिम सरळ करून घेतली, आणि अलाइनमेंटला गाडी लावली. पोराने या वेळी मात्र गाडी रॅकवरच घेतली नाही. म्हणाला, "आबा, आधी बुश टाका. तुमचे पैसे घ्यायला मलाच लाज वाटती आता." बुशचा मजुरीसकट खर्च दोन-तीन अलाइनमेंटएवढा, हाही हिशोब त्याने पाटीवर मांडून दाखवला. आबांनी पाटी नीट वाचली, त्याच्या प्रामाणिकपणाचं चारचौघांत तोंडभरून कौतुक केलं, आणि गाडी मंचरला नेली.

तिथल्या दुकानात चाक हलवून बघायची पद्धत नाही. वीस मिनिटांत काम झालं, कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. बुश तोच आहे.