खुर्ची न्यू यॉर्कची, माणूस जर्सीचा

महाराष्ट्रातल्या नोकरदाराला विचारा, तुझ्या पगारावर राज्य सरकारचा कर किती? तो आधी गोंधळतो आणि मग पगाराच्या स्लिपेवरच्या एका किरकोळ ओळीवर बोट ठेवतो. व्यवसाय कर : महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. फेब्रुवारीत शंभर जादा घेऊन सरकार ती बरोबर गाठतं, वरचा रुपयाही सुटू देत नाही. बाकीचा इन्कम टॅक्स दिल्लीचा. मग माणूस पुण्यात बसून हैदराबादच्या कंपनीचं काम करो नाहीतर कोल्हापूरहून रोज बेळगावला जा-ये करो, त्याला दोन राज्यांत दोन इन्कम टॅक्स रिटर्नं काही भरावी लागत नाहीत.

हाच माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनला स्थायिक झाला की त्याचं शिक्षण नव्यानं सुरू होतं. घर एडिसनला, कारण ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून सोन्याच्या पाटल्यांपर्यंत सगळं मिळतं. नोकरी मॅनहॅटनला, कारण पगार तिथे आहे. सकाळची गाडी पकडायची, हडसन नदीखालच्या बोगद्यातून पेन स्टेशनला उतरायचं. गाडीत त्याला डुलकी लागलेली असते, त्या डुलकीतच राज्य बदलतं आणि कर घेणारा धनीही बदलतो.

अमेरिकेत केंद्राचा इन्कम टॅक्स वेगळा आणि राज्याचा वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशी नऊ राज्यं पगारावर कर घेत नाहीत. बाकीची घेतात, आणि दोन बाजूंनी घेतात. राहत्या राज्याचं म्हणणं, माणूस आमचा, तेव्हा त्याची जगभरातली कमाई आमच्या हिशेबात. कामाच्या राज्याचं म्हणणं, घाम आमच्या जमिनीवर गाळला, तेव्हा तेवढी कमाई आमची. सर्वोच्च न्यायालयानं १९२० मध्येच निकाल दिला की परराज्यातून येऊन कमावणाऱ्यावर राज्याला कर लावता येतो. त्यामुळे एडिसनचा गृहस्थ दरसाल दोन राज्यांची रिटर्नं भरतो. न्यू यॉर्कला दिलेल्या कराची न्यू जर्सी वजावट देतं, म्हणून दोनदा कर बसत नाही. पण न्यू यॉर्कचे दर चढे असल्यानं त्या पगारावर जर्सीच्या हाती बहुधा काहीच उरत नाही. साताऱ्याहून वडील फोनवर विचारतात, "अरे, राहतोस तिथे काही देत नाहीस आणि नुसतं कामाला जातोस तिथे सगळं देतोस?" मुलगा म्हणतो, "बाबा, घराचा प्रॉपर्टी टॅक्स इथेच भरतो ना!" तो आकडा रुपयांत ऐकून पलीकडे वडिलांचं बोलणंच खुंटतं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी गंमत घरून काम सुरू झाल्यावर.

आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा मिळाल्यावर गृहस्थाला वाटतं, चला, या दोन दिवसांचा पगार तरी जर्सीचा. मग मार्चमधल्या एका रविवारी तो जेवणाच्या टेबलावर न्यू यॉर्कचा आयटी-२०३-बी फॉर्म पसरून बसतो. फॉर्मची सुरुवात अगदी मायेनं होते. वर्षाचे एकूण दिवस किती? त्यातले शनिवार-रविवार किती? सणांच्या सुट्ट्या? आजारपण? रजा? हे सगळं वजा करून कामाचे दिवस निघतात. पुढची ओळ विचारते, यातले किती दिवस न्यू यॉर्कबाहेर काम केलंत? गृहस्थ खुशीत आकडा भरतो. त्याखालची ओळ विचारते, आणि त्या बाहेरच्या दिवसांपैकी घरी किती बसलात? तोही आकडा तो प्रामाणिकपणे भरतो. त्याच्या खालची ओळ सांगते : हा आकडा वरच्यातून वजा करा. उत्तर शून्य.

"म्हणजे मी घरी होतो, हे ते मान्य करतात?"

"करतात की," शेजारी मटार सोलत बसलेली बायको म्हणते. "म्हणून तर वेगळी ओळ ठेवलीय."

या ओळीमागच्या नियमात सोय हा शब्द आहे, पण ती सोय बघायची मालकाची. तुम्ही घरी बसलात ते मालकाची गरज होती म्हणून, की स्वतःच्या सोयीसाठी? स्वतःच्या सोयीसाठी असेल तर तो दिवस न्यू यॉर्कच्या खुर्चीतच घालवला असं धरायचं. घरचं ऑफिस खरं केव्हा मानायचं, याचं परिपत्रक तिथल्या कर खात्यानं २००६ मध्ये काढलं. त्यातलं उदाहरण असं : नोकरीत नव्या मोटारी चालवून तपासायच्या असतील, त्यासाठी लागणारा ट्रॅक मालकाच्या न्यू यॉर्कच्या ऑफिसात नसेल आणि नोकराच्या घराजवळ असेल, तर घरचं ऑफिस मान्य. एडिसनच्या घराजवळ इडलीचं पीठ दळून मिळतं. मोटारीचा ट्रॅक मात्र नाही.

या नियमाशी सर्वात चिवट झुंज दिली ती एडवर्ड झेलिन्स्की यांनी. राहायला कनेटिकटमधल्या न्यू हेवनला, शिकवायला मॅनहॅटनच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये; विषय करकायदा. घरी बसून निबंध लिहिले त्या दिवसांवर न्यू यॉर्कनं कर का घ्यावा, म्हणून ते न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. पुढे करोना आला, वर्गच बंद पडले. आता तर आपण स्वतःच्या सोयीनं घरी नव्हतो, या मुद्द्यावर गुरुजी पुन्हा उभे राहिले. २०२३ मध्ये पहिल्याच पायरीवर तोही दावा फेटाळला गेला.

टेनेसीतल्या एका प्रोग्रॅमरची तऱ्हा याहून न्यारी. नोकरी न्यू यॉर्कची, पण हा पंचाहत्तर टक्के काम नॅशव्हिलला स्वतःच्या घरून करायचा. त्यानं पंचवीस टक्के पगारावर कर भरला. न्यू यॉर्कनं शंभर टक्क्यांवर मागितला, आणि २००५ मध्ये कोर्टानं न्यू यॉर्कच्या बाजूनं कौल दिला. टेनेसीत पगारावर राज्याचा करच नाही. त्यामुळे वजावट कशातून मागणार?

एरवी मात्र शरीर कुठे होतं, यालाच महत्त्व. १९९१ मध्ये शिकागो बुल्सनं लॉस एंजेलिस लेकर्सना अंतिम मालिकेत हरवलं. त्यानंतर कॅलिफोर्नियानं मायकल जॉर्डन आणि मंडळींकडून तिथे खेळलेल्या दिवसांचा कर मागितला. इलिनॉयला हे झोंबलं. त्यांनी लगेच कायदा केला : जे राज्य आमच्या खेळाडूंवर कर लावेल, त्याच राज्याच्या खेळाडूंवर आम्ही लावू. लोकांनी त्याचं नाव ठेवलं, मायकल जॉर्डनचा सूड. मग हे लोण इतर राज्यांत पसरलं आणि खेळाडूंच्या मागोमाग साधे नोकरदारही त्यात सापडले. काही राज्यांत परगावच्या माणसानं एक दिवस काम केलं तरी कायद्यानं कर लागू होतो. इलिनॉय तीस दिवसांपर्यंत सोडून देतं. अ‍ॅमट्रॅकच्या आंतरराज्य गाडीवरच्या तिकीट तपासनिसाला मात्र केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे : गाडी कितीही राज्यांतून गेली तरी त्याच्या पगारावर फक्त त्याच्या राहत्या राज्याचा कर. तिकीट दाखवणाऱ्याला असं काही नाही.

न्यू यॉर्कला तुमचं घर असेल आणि वर्षात १८३ हून जास्त दिवस तिथे काढलेत, तर तुम्ही तिथलेच रहिवासी ठरता आणि सगळ्याच कमाईवर कर बसतो. दिवसाचा तुकडाही अख्खा दिवस धरतात. म्हणून श्रीमंत लोक मध्यरात्रीच्या आत राज्याबाहेर पडायला बघतात आणि तपासणीला आलेले अधिकारी फोनच्या नोंदी अन् टोलच्या पावत्या मागतात. राज्य कायमचं सोडलं, हे सिद्ध करायचं तर जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवल्यात तेही पाहतात. २०१७ च्या एका खटल्यात न्यू यॉर्क सोडून डॅलसला गेलेल्या बड्या अधिकाऱ्याला यश मिळालं, त्यात मोलाचा पुरावा ठरला त्याचा म्हातारा कुत्रा. कुत्रा डॅलसला नेला, तेव्हाच मालकाचा परत यायचा विचार संपला, असं न्यायाधिकाऱ्यांनी मानलं. एडिसनचा गृहस्थ हे वाचून घरातल्या मांजराकडे नव्या आदरानं पाहू लागला.

खरं तर शेजारधर्माची उदाहरणंही आहेत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामध्ये १९७७ पासून करार आहे : ज्यानं त्यानं आपापल्या राज्यातच कर भरायचा. २०१६ मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी तो मोडायची घोषणा केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मागेही घेतली. पण जर्सीचा माणूस या करारावर विसंबून फिलाडेल्फियाला नोकरीला गेला, तर राज्य सोडतं आणि शहर धरतं. फिलाडेल्फियाचा पगारावरचा स्वतंत्र कर बाहेरच्यांनाही आहे.

करोनाकाळात मॅसॅच्युसेट्सनं न्यू हॅम्पशायरला घरी बसलेल्यांच्या पगारावर कर चालूच ठेवला, तेव्हा न्यू हॅम्पशायर थेट केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०२१ मध्ये न्यायालयानं तो वाद ऐकायलाच नकार दिला. मग न्यू जर्सीनं वेगळी वाट धरली. बांधाच्या भांडणात मुरलेल्या थोरल्या भावासारखं त्यानं २०२३ मध्ये न्यू यॉर्कचाच नियम न्यू यॉर्ककरांना लावला. शिवाय आपल्या रहिवाशांना आमिषही दाखवलं : घरून केलेल्या कामावरचा कर तुम्ही परराज्याच्या कर न्यायालयात लढून परत मिळवलात, तर त्यामुळे जर्सीला जो कर देणं निघेल, त्यातला निम्मा आम्ही तुम्हाला सोडू.

गृहस्थानं ही योजना बायकोला समजावून सांगितली. वकील आपला, खर्च आपला, समोर न्यू यॉर्क, जिंकलो तर निम्मी सूट.

"आणि सुनावणी कुठे?" तिनं विचारलं.

"न्यू यॉर्कलाच."

"मग रजा टाकूनच जा. ऑफिसचा एखादा फोन घेतलास, तर तोही दिवस त्यांच्याच खात्यात जायचा."