गप्प बसण्याचं प्रशिक्षण

मे महिन्यात शिक्षकाला सुट्टी असते, हा शिक्षक नसलेल्या माणसांचा समज. शिक्षकाला ठाऊक असतं, की याच महिन्यात भाचीचं लग्न असतं, आंब्याची अढी असते, कुरडयांचा चीक असतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात तालुक्याला प्रशिक्षण असतं. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यांतले पत्र्याखाली काढलेले तास दुप्पट धरावेत, एवढीच नम्र सूचना.

गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण तर विशेष बघण्यासारखं. हजेरीपत्रकावर सह्या होतात, दीपप्रज्वलन होतं, पंखा चालू असल्याची खात्री केली जाते आणि गट पडतात: आर्यभट्ट, भास्कराचार्य, रामानुजन, शकुंतलादेवी. अर्ध्या तासात आर्यभट्टांचं मागच्या खुर्च्यांवर स्थलांतर झालेलं असतं. ‘बोलू नका रे’ म्हणून वर्षभर घसा बसवून घेतलेल्या बाई शेजारणीला बदलीची हकीकत सांगू लागतात. फळ्यावर पहिला प्रश्न पडतो न पडतो तोच कोणीतरी विचारतं, “सर, हे कुठल्या इयत्तेला आहे?” ‘परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न वयात आला, की असा दिसतो.

विषय असतो समस्याधारित अध्ययन. आधी सूत्र, मग सोडवलेलं उदाहरण, मग तशीच वीस उदाहरणं, हा आपला राजमार्ग. इथे सगळं उलटं. आधी प्रश्न, मग झटापट. सूत्र सगळ्यांत शेवटी, तेही जमल्यास मुलांच्याच तोंडून. शिकवणाऱ्याला इथे सुलभक म्हणतात, कारण त्याचं काम सगळ्यांत अवघड: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.

एकदा प्रश्न होता, आठ जणांपैकी प्रत्येकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं तर एकूण हस्तांदोलनं किती? रामानुजन गटातल्या सरांनी तत्काळ सांगितलं, “आठ गुणिले सात, भागिले दोन. अठ्ठावीस.” सुलभक म्हणाले, “दोनने का भागलं?” सर म्हणाले, “सूत्रातच आहे.” यावर सभागृहात शांतता पसरली. मग निवृत्तीला टेकलेल्या एक बाई म्हणाल्या, “मी नाही कुणाशी हात मिळवत. मी आपली नमस्कार करते.” सगळे हसले. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, “माझा झाला, तरी तुमचा राहतोच की. म्हणून नमस्कार छप्पन्न. हात मात्र दोघांत मिळून एकदाच मिळतो.” भागिले दोनची इतकी स्वच्छ फोड त्या सभागृहातल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हती. केंद्रप्रमुख नुसती मान हलवतात, तो पूर्ण नमस्कार धरायचा की अर्धा, हा उपप्रश्न मात्र सर्वानुमते सोडून देण्यात आला.

प्रश्नाला जीव असावा, हे आपल्या भास्कराचार्यांना ११५० सालीच उमगलं होतं. ‘लीलावती’त रीत तेही आधी सांगतात, पण मग सपाट जमिनीवरचा बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो, त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकतो आणि ते विचारतात, किती उंचीवर मोडला? बारा हातांवर, हे नंतर कळतं. मोडल्याचा आवाज आधी ऐकू येतो. आपण त्याच ठिकाणी ‘समजा, एक काटकोन त्रिकोण एबीसी’ म्हणतो. अर्धा वर्ग तिथेच मोडतो. पुढे चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याला दिलेल्या दानाची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. म्हणजे गणिताच्या अभ्यासवर्गाला निधी मंजूर होण्याची परंपरा आठशे वर्षांची आहे. तो वेळेवर हाती पडला का, एवढं शिलालेख सांगत नाही.

दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात जाग राहावी म्हणून सुलभक कापरेकरांना बोलावतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते; म्हणजे आपल्यातलेच. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. उत्तरावर पुन्हा तेच. २०२५ घेतलं तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असं हिंडून गाडी ६१७४वर येते आणि तिथून हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात.

सगळ्यांनी आपापलं जन्मसाल घेतलं. सात पायऱ्या झाल्या तरी एका सरांचं ६१७४ येईना. “माझ्या सालाला हा नियम लागू नाही,” असं त्यांनी जाहीरही केलं. हातचा कुठे राहिला ते सुलभकांना वरूनच दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. उत्तर येत असून न सांगणं म्हणजे शाळेची रिक्षा दारात उभी असताना लेकराला स्वतःच्या हाताने बुटाची नाडी बांधू देणं. बऱ्याच वेळाने सरांनी एकदम मांडीवर थाप मारली: “सापडला!” पन्नाशीच्या माणसाचा असा चेहरा वजाबाकीने होऊ शकतो, हे बघण्यासारखं होतं. मनात आलं, मुलांच्या वहीत आपण लगबगीने लाल गोल करतो, तेव्हा चूक आपण दाखवतो खरी. पण ती सापडण्याचं सुख परस्पर आपणच खाऊन टाकतो.

जूनमध्ये तास पस्तीस मिनिटांचा असतो, अभ्यासक्रम मागे लागलेला असतो आणि घटक चाचणी कोणाची झटापट संपेपर्यंत थांबत नाही. सगळे धडे असे शिकवता येणार नाहीत, हे सुलभकांनाही ठाऊक असतं. आठवड्यातून एखादा प्रश्न टाकून तोंडाला कुलूप लावता आलं, तरी पुष्कळ.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद येतो: ‘आपण काय शिकलात?’ खाली चार ओळींची जागा. सगळे क्षणभर पेन चावतात, मग हळूच शेजारी बघतात, आणि सगळ्या कागदांवर एकच वाक्य उतरतं: ‘प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त झाले.’ शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी करणं हा जर प्रशिक्षणाचा उद्देश असेल, तर तो शंभर टक्के साध्य झाला, असं समजायला हरकत नाही.