सुरतेचं जेवण आणि बागेतला उपास

‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण गुजरातेत सगळ्यांच्या तोंडी असते. उंधियू, पोंक, लोचो, घारी एवढं पोटात गेल्यावर मरणाची भाषा कुणी करावी हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा, की जेवू घालण्यासाठी नावाजलेल्या या शहरात सोसायटीच्या बागेत उतरलेला बुलबुल मात्र बहुधा उपाशीच परततो. तिथं कातरलेली हिरवळ असते, क्रोटनच्या रंगीत रांगा असतात आणि कुंपणाला कोनोकार्पस असतो. हा सोमालिया-येमेनकडचा पाहुणा झपाट्यानं वाढतो, बारा महिने हिरवा दिसतो आणि इथल्या अळ्यांना भिंतीवरच्या डिस्टेंपरइतकाच रुचकर लागतो. त्याची मुळं गटारांत आणि केबलींत शिरतात, परागांचा त्रास होतो, अशा तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये गुजरात सरकारनं त्याच्या लागवडीवर बंदी आणली. तेव्हा आता कुंपणाला काय लावायचं? माझं म्हणणं साधं आहे : जे कुणीतरी खाईल ते.

विलायती बागांत पाखरांच्या जेवणाची सोय एल्डरबेरीचं झुडूप करतं. सुरतेच्या मे महिन्यात ते लावणं म्हणजे पाहुण्याला स्वेटर घालून उन्हात बसवणं. आपल्याकडे त्या कामाला करवंद आहे. सुरतेत त्याला करमदां म्हणतात आणि मिरच्यांबरोबर त्याची भाजी करतात, म्हणजे ओळख करून द्यायचीही गरज नाही. उन्हाला ते भीत नाही, पाण्यासाठी रुसत नाही, त्याची पांढरी फुलं सुवासिक असतात आणि उन्हाळ्यात फळं धरतात. काटे टोचतात हे खरं. पण ते मांजरालाही टोचतात, आणि आत घरटं असलेल्या पाखराला हा वॉचमन बिनपगारी मिळतो. मात्र नुसत्या फळांवर भागत नाही. फळं खाणारा बुलबुलही पिल्लांना किडे-अळ्या भरवतो. अमेरिकेतले कीटकतज्ज्ञ डग टॅलमी यांचा हिशेब असा, की चिकडी या चिमुकल्या पक्ष्याला एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. एवढ्या पंगतीचा शिधा क्रोटनमधून निघत नाही. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पिईल, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं : कॉमन मॉरमॉन लिंबू-कढीपत्त्यावर, प्लेन टायगर रुईवर. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर पोसतात.

यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणते आक्षेप येतील ते सांगायला ज्योतिषी नको. पहिला, डास होतील. डास अंडी साचलेल्या पाण्यात घालतात. तेव्हा झुडपावर कुऱ्हाड उगारण्याआधी कुंडीखालची ताटली रिकामी करावी. दुसरा, गबाळं दिसेल. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरबरोबर पहिलं आलेल्या शहराला ही चिंता शोभते. पण गळलेलं पान आणि गुटख्याची पुडी यांत फरक आहे, आणि पहिलं झाडाच्या बुंध्याशी ठेवलं की त्याचं खत होतं. तिसरा, पाखरं सगळी फळं लुटतील. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटलेली सुरत पुन्हा उभी राहिली. बुलबुलांच्या स्वारीनं तिचं दिवाळं निघणार नाही. चौथा आक्षेप, जागाच नाही, हा खरोखर वजनदार आहे. फ्लॅटच्या गॅलरीत करवंदाची जाळी मावत नाही. पण कुंडीतला कढीपत्ता मावतो, आणि त्यावर फोडणी नि फुलपाखरू दोघांचंही निभतं.

तेव्हा येत्या पावसाळ्यात कुंपणाला करवंद लावा, कुंपण नसेल तर कढीपत्ता. आणि पहिल्या पानाला भोक पडलेलं दिसलं की फवारणीवाल्याला फोन करू नका. सुरतेत कुणीतरी जेवून गेलं आहे, एवढंच समजा.