सूर्यमाळचे स्टेशनमास्तर

पालघर जिल्ह्यातून आगगाडी जाते ती समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने, आणि नाशिककडे निघालेली दुसरी वाट कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस पोहोचते. या दोहोंच्या मध्ये पसरलेल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखास मात्र, मुकणे राजांचे संस्थान विलीन होऊन आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा निघूनही, रुळाचा एक तुकडासुद्धा लाभलेला नाही. सरकारच्या हातून राहून गेलेले हे कार्य सूर्यमाळच्या पठारावर, एका कौलारू घराच्या माडीवर, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या अखत्यारीत तडीस नेले आहे. गाव त्यांना स्टेशनमास्तर म्हणते, आणि परगावचा पाहुणा 'स्टेशन कुठे आहे हो?' असे विचारतो तेव्हा आदिवासी पोरे त्याला बिनदिक्कत त्या माडीवर आणून सोडतात.

या जातीचे गृहस्थ महाराष्ट्रात विखुरलेले आहेत आणि ते ओळखण्यास फारसे सायास पडत नाहीत. आपण भेटीस गेलो असता ते आपली प्रकृती विचारीत नाहीत. आपण कोणत्या गाडीने आलो, गाडीस इंजिन कोणते होते आणि ते शॉर्ट हूड पुढे करून धावत होते की लाँग हूड, एवढीच चौकशी करतात, आणि 'इंजिनाकडे पाहिले नाही' असे उत्तर आल्यास आपल्याविषयी त्यांचे मत कायमचे बनते. त्यांतही दोन पंथ आहेत. वाफेच्या इंजिनाचे भक्त भावुक, सहज डोळ्यांत पाणी आणणारे. डिझेलचे उपासक मात्र कडवे आणि हिशेबी. आमचे स्टेशनमास्तर दुसऱ्या पंथाचे. त्यांचे आराध्यदैवत डब्ल्यूडीएम-2, म्हणजे अमेरिकेतील स्केनेक्टडीच्या अल्को कारखान्याने 1962 मध्ये पाठविलेले आणि 1964 पासून वाराणसीस बांधले जाऊ लागलेले सोळा सिलिंडरांचे, 2600 अश्वशक्तीचे ते काळा धूर ओकणारे धूड, ज्याने पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे जाणाऱ्या कित्येक उतारू गाड्या एके काळी ओढल्या. अल्कोने 1969 मध्ये इंजिने बांधणे बंद केले, ही वार्ता ते अद्याप घरातील सुतकासारख्या स्वरात सांगतात.

माडीवरील मार्ग डहाणू रोडपासून जव्हार, मोखाडा, खोडाळा असा इगतपुरीस जातो. या मार्गाची मंजुरी, भूसंपादन, नुकसानभरपाई आणि उद्घाटन या सर्व गोष्टी स्टेशनमास्तरांनी एकाच दुपारी उरकल्या, हे त्यांच्या पूर्वीच्या खात्यातील मंडळींस आजही खरे वाटत नाही. डोंगर करविले ते बोहाड्याच्या सोंगांसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडविणाऱ्या एका कारागिराकडून. त्यामुळे घाट झकास उठला, परंतु बोगद्याच्या मुखास, हाताचे वळण म्हणा की सवय, स्पष्टपणे रावणाच्या जबड्याचा आकार आला, आणि गाडी आत शिरताना आश्रमशाळेची मुले 'गिळली, गिळली' म्हणून टाळ्या पिटतात. फलाटावर उभी करण्यासाठी मागविलेले उतारू, प्रत्येकी जेमतेम दोन सेंटीमीटर उंचीचे, परदेशी निघाले: अंगात ओव्हरकोट, डोक्याला हॅट. स्टेशनमास्तरांनी भिंग लावून आणि कुंचल्याच्या एकेका केसाने त्या साऱ्यांस धोतरे नेसविली, हातात पर्स घेतलेल्या एका गोऱ्या बाईच्या मस्तकी सरपणाची मोळी दिली आणि तिला खोडाळ्याच्या फलाटावर कायमची बसविली.

इतके सुख असूनही त्यांना एक शल्य आहे, आणि ते पावणेतीन मिलिमीटरचे आहे. प्रकार असा की, त्यांची गाडी एकास सत्याऐंशी या प्रमाणाची. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर रुंदीच्या मार्गास अनुसरून केलेले. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्यास सत्याऐंशीने भागून सव्वाएकोणीस होतात. तात्पर्य, अमेरिकन सांगाड्यावर प्लास्टिकच्या पत्र्याचे अंग बसवून, महिनोन्महिने खपून तयार केलेले त्यांचे डब्ल्यूडीएम-2 जन्मतःच पाय आखडून उभे आहे. पाहणाऱ्यास हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच स्टेशनमास्तर ते प्रत्येकास पट्टी लावून दाखवितात. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या, 1998 पासून लोकांस खुल्या असलेल्या लघुरेल्वे संग्रहालयास ते वारीच्या निष्ठेने जातात. तेथील शेकडो दिवे, सिग्नल आणि आपापल्या वेळी धावणाऱ्या गाड्या पाहून परतले की घरात दोन दिवस ते कोणाशी बोलत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माडीवर करवतीचा आवाज सुरू होतो.

परंतु त्यांची खरी कसोटी पाहतो तो सूर्यमाळचा पावसाळा. धुके खिडकीतून सरळ रुळांवर येऊन बसते, प्लायवूड फुगते, रुळांवर ओलीचा पुसट थर चढून चाकांस वीज पोहोचेनाशी होते, आणि सकाळच्या पहिल्या गाडीपूर्वी स्पिरिटचा बोळा घेऊन साऱ्या मार्गाची सफाई करावी लागते. त्यात वीज जाते. गेली की जव्हार एक्सप्रेस ऐन घाटात उभी राहते आणि खालून सौभाग्यवतींचा प्रश्न येतो, "अहो, तुमची गाडी डिझेलची ना? मग लाइट गेल्यावर थांबली कशी?" यावर कोणताही सामान्य पुरुष खजील झाला असता. स्टेशनमास्तर कठड्याशी येऊन शांतपणे खुलासा करतात की, खऱ्या डिझेल इंजिनातसुद्धा डिझेल चाके फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्र वीज करते आणि विजेच्या मोटारी चाके फिरवितात. सबब डिझेल गाडी विजेअभावी उभी राहणे हे तत्त्वतः सर्वस्वी सयुक्तिक आहे. हा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या बिनतोड असल्यामुळे सौभाग्यवती "मग भात निवेल, तुमच्या मोटारी येईपर्यंत" एवढेच म्हणून आत जातात.

दप्तर मात्र खरोखर पाहण्यासारखे. आवक-जावक बारनिशी, विलंबाची नोंदवही, इंजिनाच्या तेलपाण्याची फर्दी, सर्व काही वळणदार मोडीवजा अक्षरात. चार दिवस मुलीकडे नाशिकला जायचे झाले तर पत्नीकडून रीतसर चार्ज घेतल्याची सही होते. मागील श्रावणात डब्यांचा एक रेक वळणावर घसरला, तेव्हा जागेवर पंचनामा झाला, शेजारच्या दोघांस पंच म्हणून चहा पाजण्यात आला, आणि अपघाताचे कारण रुळांमध्ये बसलेली एक पाल असल्याचे निष्पन्न झाले. अहवालाच्या शेवटी लाल शाईचा शेरा आहे: प्रतिवादीस समक्ष खुलाशाची संधी देऊनही ती कपाटामागून हजर झाली नाही, सबब एकतर्फी चौकशी पुरी करून, रेल्वे अधिनियम 1989, कलम 147 अन्वये अनधिकृत प्रवेशाबद्दल तिला सक्त ताकीद देण्यात येत आहे, प्रत माहितीसाठी मांजरास.