पाच हजारांचा अनुभव

२०२४ च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत इंटर्नशिप देऊ केली. विद्यावेतन तेव्हा ठरले दरमहा ५,००० रुपये. त्यातले ४,५०० सरकारचे, उरलेले ५०० कंपनीचे, तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून! म्हणजे कंपनीच्या हिशेबात इंटर्न बसतो तो वृक्षारोपणाशेजारी. पहिल्या फेरीत ८२ हजारांवर मुलांना बोलावणी गेली, होकार आले सुमारे २८ हजार. हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत, हे यावरचे ठरलेले उत्तर. पण परगावी खोलीभाडे आणि मेसचे पैसे भरले की हे पाच हजार संपतात. मग वर्षभर कंपनीत राबायला बापानेच पैसे पाठवायचे. अनुभव मोठ्या मोलाचा, हे मान्यच. फक्त घरमालक अजून प्रमाणपत्रावर भाडे वळते करून घेत नाहीत.