पायाखालचं पांघरूण

घरसजावटीच्या छायाचित्रांत हल्ली एक खोली हमखास असते. पांढरी भिंत, पांढरा सोफा, कोपऱ्यात कुंडीतलं उंच झाड आणि मधोमध, मेंढी नुकतीच अंगातून काढून ठेवून गेल्यासारखा, झिपरा लोकरी गालिचा. या खोलीत सहसा माणूस नसतो. असलाच तर अनवाणी असतो, त्याच्या हातात कॉफीचा कप असतो आणि त्या कपातून कधीच काही सांडत नाही. हे पाहून दहा बाय बाराच्या दिवाणखान्यातही तसाच गालिचा असावा, असं पुष्कळांना वाटू लागलं आहे. वाटण्याला माझी हरकत नाही. गालिचा देखणा असतो आणि लोकर फार गुणी असते. माझं म्हणणं एवढंच, की हा गालिचा ज्या ज्या थंड मुलखांत रुजला, तिथे तो मुख्यतः अंगावर घ्यायची वस्तू होता. पांघरूण जमिनीवर टाकायचं, त्यावरून चालायचं आणि मग ते मळतं म्हणून कुरकुरायचं, यात गालिच्याचा काय दोष?

पुरावा हवा तर ग्रीसपासून सुरुवात करू. तिथल्या पिंडस डोंगरातले मेंढपाळ फ्लोकाती विणतात. विणून झालेली फ्लोकाती धबधब्याखालच्या मोठ्या लाकडी पिंपात टाकतात. तिथे पाण्याच्या भोवऱ्यात ती घुसळली जाते, तेव्हा कुठे तिची लोकर फुलते. अशी जाड लोकरी वस्त्रं मेंढपाळांनी पांघरली, अंगरख्यासारखी घातली आणि बिछान्यावर घेतली. स्वीडन-नॉर्वेकडच्या रिया गालिच्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. समुद्रावर खारं पाणी लागून कातडी पांघरुणं ताठर होत, म्हणून तिथल्या कोळ्यांनी रिया जवळ केली, आणि केसांची बाजू आत, अंगाकडे ठेवून ते तिच्याखाली झोपत. मोरोक्कोच्या मध्य अॅटलासमध्ये बेनी ऊराइन जमातीच्या बायका जो पांढरा, काळ्या रेघांचा गालिचा विणतात आणि ज्याच्या छायाचित्रांवर आजचे सजावटकार जीव टाकतात, तोही डोंगरातल्या थंडीत अंथरूण-पांघरूण म्हणूनच घडला. फिनलंडमध्ये नवरानवरीला लग्नात अशा गालिच्यावर उभं करत, म्हणजे पाय लागले ते मंगल प्रसंगी. पुढे तो भिंतीवर मिरवू लागला. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या फिनलंडच्या दालनासाठी चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांनी ‘ज्वाला’ नावाचा प्रसिद्ध गालिचा रेखाटला, तोही बाकावर घालायचा. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं ज्याला अंगावर, बाकावर आणि भिंतीवर जागा दिली, त्याला आपण चपलांच्या शेजारी नेऊन ठेवतो.

आता लोकरीचा स्वभाव पाहू. तिचे तंतू कुरळे असतात, त्यांच्या वळणांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. ज्या देशात सकाळी उठून जमिनीवर पाय ठेवणं हे धाडस असतं, तिथे या गुणाची किंमत मोजावी तेवढी थोडी. आपल्याकडे मात्र पिढ्यानपिढ्या माणसांनी जमीन गार राहावी म्हणून खटपट केली. आधी शेणाने सारवलं, मग शहाबादी बसवली, मग मोझॅक, आणि आता आरशासारखी चकचकीत टाइल. वैशाखातल्या दुपारी उघड्या फरशीवर पाठ टेकण्याचं जे सुख आहे, त्याला वीजबिल येत नाही. त्या फरशीवर हजारो रुपये खर्चून उष्णतारोधक थर चढवायचा आणि मग खोली गार करायला यंत्र लावायचं, हा व्यवहार हिशेबाच्या कुठल्याच वहीत बसत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. पाच किलोचा गालिचा असेल तर त्याच्या पोटात दीड लिटर पाणी मावतं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना, गालिचा आपला हा गुण दाखवायला टपलेलाच असतो. वास येतो तेव्हा घरातले लोक आधी एकमेकांच्या मोज्यांवर संशय घेतात.

स्वच्छतेचा मुद्दा तर मराठी घरात धर्माच्या जवळ जातो. आपला केरवारा झाडू आणि ओल्या फडक्यावर चालतो, आणि झिपऱ्या गालिच्यावर दोन्ही हतबल आहेत. शिवाय आपल्या घरात खाली पडणाऱ्या वस्तू बघा: फोडणीची मोहरी, चिवड्यातला कढीपत्ता, हळदीकुंकवातली हळद, आणि सर्वांत भयंकर म्हणजे कानातल्याची फिरकी. टाइलवर पडलेली फिरकी पाच मिनिटांत सापडते, गालिच्यात पडलेली मात्र वारसांनाच मिळते. अमेरिकेने हे सगळं १९६० आणि ७० च्या दशकांत भोगून पाहिलं. तेव्हा तिथे घरोघरी केसाळ गालिचे भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले होते आणि त्यांचे केस उभे करायला खास दाताळी विकली जात. शेत नसलेल्या घरात दिवाणखाना दाताळ्याने विंचरायचा, याला प्रगती म्हणायचं की शेतीकडे परतणं, हे ज्याने त्याने ठरवावं. त्या काळात या प्रश्नाचा मुळापासून विचार केलेला एकच माणूस मला दिसतो, तो म्हणजे एल्विस प्रेस्ली. मेम्फिसमध्ये १९५७ साली घेतलेल्या आपल्या ग्रेसलँड या घरातल्या ‘जंगल रूम’मध्ये त्याने हिरवा केसाळ गालिचा जमिनीवर लावला तो लावलाच, पण छतालाही लावला. लोक हसतात, पण छतावर मोहरी पडत नाही. शिवाय त्या गालिच्यांमुळे आवाज घुमेनासा झाला आणि १९७६ साली त्याच खोलीत त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. गालिचा कामाला लावायचा तो असा.

यावर आक्षेप येतील आणि ते यावेत. पहिला असा, की व्हॅक्यूम क्लीनर कशासाठी आहे? आहे, पण त्याचा फिरता ब्रश लांब केसांत गुंततो, म्हणून नुसत्या नळीने हळूहळू ओढत बसावं लागतं. हे काम कामवाल्या मावशींना सांगून पाहा. त्या जे उत्तर देतील ते या लेखापेक्षा मुद्देसूद असेल. दुसरा आक्षेप, धुता येत नाही का? फ्लोकाती धुता येते, पण तिला लागतो धबधबा, आणि आपल्याकडे असते एक बादली व गच्चीवर गालिचे वाळत घालू नयेत अशी सोसायटीची सूचना. तिसरा आक्षेप शहाण्या माणसाचा आहे: मग कृत्रिम धाग्याचा घ्यावा, त्याला कसर लागत नाही. खरं आहे. लोकरीत केराटिन असतं आणि कसरीच्या अळ्यांना ते पचतं. सोफ्याखालच्या अंधारात, जिथे कोणी हलवत नाही, तिथे त्या निवांत जेवतात. पण म्हणून पॉलिएस्टर घ्यावं, हे मला पटत नाही. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. पॉलिएस्टर ठिणगीने वितळतं. दिवाळी साजरी करणाऱ्या घराने हा फरक ध्यानात ठेवावा. चौथा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाने लाकडी जमिनीवर, बाहेर बर्फ पडत असताना, असा गालिचा जरूर अंथरावा. त्याच्या तळपायांशी माझं भांडण नाही.

शेवटचा आक्षेप सौंदर्याचा: उपयोगच पाहायचा तर सजावट कशाला? पण उपयोग आणि शोभा एकत्र नांदू शकतात, हे आपल्या धनगर आणि सणगरांनी कधीच दाखवून दिलं आहे. दख्खनी मेंढीची जाडीभरडी काळी लोकर, खड्ड्यातला माग आणि चिंचोक्याची खळ एवढ्या सामग्रीतून घोंगडी होते. तिला झिपऱ्या नाहीत, म्हणून तिच्यात मोहरी लपत नाही. तीच पावसात खोळ, रात्री पांघरूण, पाहुणा आला की बैठक आणि देवापुढे आसन. सोवळ्यात तर लोकरीच्या धाबळीचा मान इतका, की ती विटाळत नाही असं मानलं जाई. कदाचित सारखी धुणं परवडणारं नाही हे जाणून शास्त्रानेच सोय केली असावी. ज्यांच्या अंगणात ही वस्तू आहे, त्यांनी अॅटलास पर्वताकडे आशेने पाहत बसावं हे मला अनावश्यक वाटतं. शिवाय आज दख्खनी लोकरीला भाव मिळत नाही आणि मेंढपाळाचा चरितार्थ मांसावर आणि शेतात मेंढ्या बसवण्यावर चालतो. घोंगडीला घरात जागा मिळाली तर शोभेबरोबर विणणाऱ्याच्या हातालाही काम मिळेल.

तेव्हा माझा निर्णय साधा आहे. फरशी उघडी राहू द्या. ती गार राहण्यासाठीच घातलेली आहे. बैठकीला घोंगडी घ्या, महिन्यातून एकदा उन्हात टाका आणि काठीने झोडपा. एवढं सांगूनही झिपरा गालिचाच मनात भरला असेल, तर तो खुशाल आणा; पण पैसे देण्याआधी भिंतीवर खिळ्याची जागा ठरवा. घरमालक खिळा मारू देत नसेल, तर डिसेंबरची वाट पाहा आणि केस आतल्या बाजूला घेऊन पांघरा.